गोळीबंद पाक

आई चार महिन्यांसाठी जर्सी सिटीला आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून येताना तिच्यासाठी बिस्किटांचा एक डबा आणला. खाली गोल बिस्कीट, त्यावर मार्शमॅलोची मऊ टेकडी, वरून डार्क चॉकलेटचं पातळ कवच. इथे हा प्रकार प्रसिद्ध केला मॅलोमारने. १९१३ साली त्यांची पहिली विक्री इथून जवळच, वेस्ट होबोकनला झाली. उन्हाळ्यात चॉकलेट वितळतं म्हणून मॅलोमार अजूनही थंडीतच मिळतात.

"व्हेज आहे ना?" आईने विचारलं.

"हो गं." तिने दोन खाल्ली.

रात्री मी डबा उलटा करून वाचला. जिलेटिन. म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. आई माळकरी आहे. फलटणच्या आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी डबा कचऱ्यात टाकला आणि गप्प बसले.

चार दिवसांनी ती म्हणाली, "ती बिस्किटं संपली का गं?"

मग शनिवारी मी घरीच करायला घेतली. बिस्किटं कणीक, लोणी आणि गुळाची. जिलेटिनऐवजी चायना ग्रास. फेसासाठी उकडलेल्या काबुली चण्यांचं पाणी; ते घोटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. त्यात गरम पाक आणि विरघळवलेलं चायना ग्रास धारेने सोडायचं आणि पटापट बिस्किटांवर घालायचं, कारण ते थोडं निवलं की लगेच घट्ट होतं.

माझा मार्शमॅलो पिठल्यासारखा पसरला.

आई उठून आली. दुसरा पाक ठेवला. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकला. "अजून गोळी होत नाहीये. थांब." इंग्रजी रेसिपीत यालाच ११५ अंश म्हटलं होतं.

पाक ढवळता ढवळता तिने विचारलं, "विकत मिळतात की. मग एवढा घाट कशाला?"

मी सांगितलं. सगळं.

तिचा हात माळेकडे गेला. "चुकून झालं ते झालं. पण चार दिवस माझ्यासमोर जेवत होतीस." एवढंच म्हणाली. मग परत थेंब टाकला, बोटांत गोळी वळून पाहिली आणि गॅस बंद केला.

टेकड्या उभ्या राहिल्या. डब्यातल्या मार्शमॅलोसारख्या ताणल्या जात नव्हत्या, जरा तुटक होत्या. वाफेवर चॉकलेट वितळवून, चमचाभर खोबरेल घालून मी एकेक बुडवून काढलं. आईने एकही उचललं नाही.

रविवारी तिने उपवास केला. एकादशी नव्हती. मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी चहाबरोबर तिने एक घेतलं. हातात फिरवून पाहिलं.

"यात काय काय आहे, नीट सांग."

मी एकेक जिन्नस सांगितला. चण्याच्या पाण्यावर ती हसली. मग खाल्लं.

"गोड जरा जास्त झालंय," म्हणाली.