पात्र आणि पात्रता

मराठीत ‘पात्र’ हा शब्द नाटकातल्या व्यक्तीसाठीही वापरतात आणि योग्यतेसाठीही. नाटकातले पात्र आणि दानास पात्र असलेला माणूस हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहत असावेत, याचा विचार मी काव्यशास्त्र शिकवत असताना कधी केला नव्हता. तो करावा लागला एका खेळामुळे. ज्याला आपण सहसा विरंगुळा म्हणतो त्यातून समीक्षेच्या विद्यार्थ्याला काही शिकायला मिळाले, असे लिहिताना थोडा संकोच वाटतो. तरीही जे शिकलो ते उशिरा आणि एका व्यक्तीच्या नुकसानीतून शिकलो, म्हणून ते नोंदवणे मला भाग आहे.

या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चारपाच माणसे बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार असतो आणि भोवतालचे जग, त्यातली माणसे आणि संकटे तो बोलून उभी करतो. पात्र काय करू पाहते हे खेळाडू सांगतो आणि फासे टाकून निष्पत्ती ठरते. संहिता आधी लिहिलेली नसते. ती बोलता बोलता घडते आणि तिचे प्रेक्षकही तेच खेळाडू असतात. प्रत्येक पात्राचा एक ‘क्लास’ म्हणजे वर्ग असतो: योद्धा, चोर, जादूगार, पुरोहित. अनुभवाचे गुण साठतात तशी पात्राची पातळी वाढते.

2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सूत्रधारासाठीच्या पुस्तकात ‘प्रेस्टिज क्लास’ ही कल्पना मांडली गेली. हे प्रगत वर्ग आरंभी निवडता येत नाहीत. विशिष्ट अटी पूर्ण केलेल्या पात्रालाच त्यांत प्रवेश मिळतो. ते ऐच्छिक आहेत, त्यांना परवानगी द्यायची की नाही हे सूत्रधाराने ठरवावे आणि आपल्या जगातल्या संस्था-संप्रदायांशी जुळणारे नवे वर्ग त्याने स्वतः घडवावेत, असा पुस्तकाचा आग्रह होता. प्रत्यक्षात वेगळेच घडले. पुढच्या पुस्तकांतून अशा वर्गांची रीघ लागली आणि खेळाडू पहिल्या पातळीपासूनच आठव्या पातळीचा हिशेब मांडू लागले.

मीही तोच हिशेब मांडला. 2002 साली मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका विद्यापीठात संशोधन करत होतो आणि दर शुक्रवारी रात्री अशा एका टेबलावर बसत असे. माझे पात्र जादूगाराचे होते आणि मला त्याला ‘लोअरमास्टर’, म्हणजे गूढविद्येचा अधिकारी, करायचे होते. अटी स्पष्ट होत्या: दोन ज्ञानशाखांत प्रत्येकी दहा अंश प्रावीण्य, ठरावीक प्रकारची तीन कौशल्ये, एका ज्ञानशाखेतील विशेष पकड आणि भविष्य वा गुप्त गोष्टी जाणण्याचे सात वेगवेगळे मंत्र. सातव्या पातळीपर्यंत मी ते सारे जमवले. 28000 अनुभवगुण झाले त्या रात्री मी जाहीर केले की माझा जादूगार आता लोअरमास्टर झाला. सूत्रधार म्हणाला, ठीक आहे. कोणीतरी चिप्सची पिशवी पुढे सरकवली आणि खेळ चालू राहिला. या वर्गाला आरंभीच एक ‘रहस्य’ प्राप्त होते; ते तक्त्यातून निवडायचे असते. मी निवडलेल्या रहस्याचे फळ म्हणजे तीन जास्तीचे हिट पॉइंट. माझ्या जादूगाराने आयुष्यभर शोधलेले गूढ ते हेच!

त्याच टेबलावर एका सहाध्यायाचा ‘पॅलाडिन’ होता: धर्मनिष्ठ, व्रतस्थ योद्धा. वेढा पडलेल्या नगरातली मुले बाहेर काढण्यासाठी त्याने एका नरकवासी सत्तेशी बोलणी केली. मुले वाचली, पॅलाडिनाचे व्रत मोडले आणि त्याबरोबर त्याची सारी दैवी सामर्थ्ये गेली. नंतरच्या दोन शुक्रवारी तो खेळाडू फारसे बोलला नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्याने शांतपणे सांगितले की त्याचे पात्र आता ‘ब्लॅकगार्ड’ आहे. हा पतित योद्ध्यांचा प्रगत वर्ग. त्यात शिरण्यासाठी लढाईतल्या सामर्थ्याच्या अटी आहेत, लपण्याच्या कौशल्यात पाच अंश हवेत अशीही एक आहे, आणि शेवटची अट अशी की पात्राने एखाद्या दुष्ट पारलौकिक शक्तीशी शांततेने संपर्क साधलेला असला पाहिजे. लपण्याचे अंश त्याच्याकडे अपुरे होते. सूत्रधाराने ती अट सोडून दिली आणि कोणीही हरकत घेतली नाही. माझे सारे आकडे बरोबर होते आणि माझे पद पोकळ होते; त्याचा एक आकडा कमी होता आणि त्याच्या पदाबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

या दोन अनुभवांतला भेद पुढे मला असा मांडता आला. अटी दोन जातींच्या असतात. काही वहीत नोंदवण्याच्या, काही कथेत घडण्याच्या. त्याच पुस्तकातल्या ‘असॅसिन’ या मारेकऱ्याच्या वर्गाला छपून वावरण्याचे अंश लागतात ही नोंद झाली. पण त्या संप्रदायात शिरण्यापलीकडे दुसरे कोणतेही कारण नसताना त्याने एक माणूस मारलेला असला पाहिजे, ही घटना झाली. पहिली अट खेळाडू एकटा पुरी करतो. दुसरी पात्राला सर्वांसमोर, काही गमावून पुरी करावी लागते. 1978 च्या जुन्या नियमांतही याचे एक रूप होते. बाराव्या पातळीचे ड्रुइड जगात नऊच, त्यांच्या वर तीन, आणि सर्वांत वर एक. वर चढायचे तर त्या जागेवर असलेल्याला द्वंद्वात हरवावे लागे. पातळी ही तिथे केवळ संख्या नव्हती. कोणाकडून तरी घेतलेली जागा होती.

भरताने नाट्यकार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियतफलप्राप्ति आणि फलयोग. संधींच्या व्यवस्थेत निर्वहणाच्या आधी विमर्श येतो. क्रोध, संकट किंवा प्रलोभन यांमुळे हाती येऊ घातलेले फळ तिथे पुन्हा संशयात पडते. माझ्या जादूगाराच्या कथेत प्रारंभ होता आणि फलयोग होता, विमर्श नव्हता. त्याचे फळ कधी धोक्यात आलेच नाही, म्हणून ते मिळाल्याचा आनंदही कोणाला झाला नाही.

इथवरचे मला पटले होते, आणि त्याच खात्रीतून माझ्या हातून चूक घडली. 2012 मध्ये पुण्यात माझ्याच घरी काही विद्यार्थ्यांसाठी मी हा खेळ चालवत होतो. एका विद्यार्थिनीचे पात्र चोराचे होते: नाचगाण्याच्या भटक्या फडातून पळून आलेली मुलगी. तिला ‘शॅडोडान्सर’, म्हणजे छायानर्तकी, व्हायचे होते. लपण्याचे दहा अंश, नृत्याचे पाच, सारे तिच्यापाशी होते. पण लोअरमास्टराची पोकळी मला आठवत होती. मी ठरवले की पद सहज द्यायचे नाही. तिच्यासाठी मी डोंगरातला एक मठ रचला आणि तीन परीक्षा ठेवल्या.

“सर, त्या रात्री मी वाड्यात नाचले, ते कशात धरायचं?” तिने विचारले.

“ते वेगळं. ते कथेत झालं,” मी म्हणालो.

ती रात्र अशी होती. सोबती बंदिवानांना घेऊन मागच्या दाराने निघाले होते आणि पहारेकऱ्यांच्या नजरा आपल्यावर खिळवून ठेवण्यासाठी ती सुभेदाराच्या दिवाणखान्यात नाचत राहिली. निसटण्याची एक संधी तिला आली होती. ती तिने घेतली नाही. ती पकडली गेली. पुढचे दोन रविवार तिचे पात्र कोठडीत होते. तरी ती येत राहिली आणि इतरांचा खेळ ऐकत बसली. मठातल्या तीन परीक्षा तिने एका संध्याकाळी, फारसे न बोलता, पार पाडल्या. मी तिला छायानर्तकी घोषित केले. ती आणखी दोनदा आली. मग परीक्षेचे निमित्त सांगून यायची थांबली.

मी असे का वागलो? त्या काळात मी स्वतः पदोन्नतीसाठी अर्ज भरत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या विनियमांनी आणलेल्या गुणांकपद्धतीनुसार प्रत्येक निबंध, प्रत्येक चर्चासत्र यांना गुण होते, आणि वीस वर्षे वर्गात जे शिकवले ते कोणत्या रकान्यात बसवावे हे मला समजत नव्हते. त्याबद्दल मी सहकाऱ्यांजवळ कडवटपणे बोलत असे. आणि रविवारी माझ्या टेबलावर मी तोच रकाना एका मुलीपुढे धरत होतो. तिची पात्रता कथेत सिद्ध झाली होती. मला ती कागदावर पुन्हा हवी होती. परीक्षा अवघड केली की पद कमावलेले वाटते, हा माझा समज होता. प्रत्यक्षात माझ्या परीक्षेने तिच्या आधीच्या कृतीचे मोल काढून घेतले.

2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांत प्रेस्टिज क्लास उरले नाहीत. उपवर्ग पहिल्या तीन पातळ्यांतच निवडायचा असतो, आणि 2024 च्या सुधारित नियमांत तो सर्वांना तिसऱ्या पातळीवर मिळतो. पात्रता ठरवण्याचा प्रश्नच त्यामुळे निघून जातो. त्यात सोय आहे आणि माझ्यासारख्या सूत्रधारांपासून खेळाडूंचे संरक्षणही आहे. तरीही मला ही सुटका पुरी पटत नाही. ‘पात्र’ या शब्दातले दोन अर्थ वेगळे केले तर पहिलाही दुबळा होतो, असे मला वाटते.

मी अजून हा खेळ चालवतो, जुन्याच नियमांनी. आरंभीच खेळाडूला विचारतो की त्याचे पात्र पुढे काय होऊ पाहते, आणि त्या दिशेचे मोह व संकटे कथेत पेरतो. वेगळी परीक्षा रचत नाही. दर आठवड्याला घडलेले वहीत लिहून ठेवतो, कारण त्या वाड्यातल्या रात्रीची नोंद माझ्याकडे नव्हती. प्रगत वर्गाची वेळ आली की निर्णय एकट्याने घेत नाही. बाकीच्या खेळाडूंना कागद मिटायला सांगतो आणि विचारतो, याने काय केले ते सांगा. ते एकमेकांचे बोलणे तोडत सांगू लागले, तर पद त्याचे झालेलेच असते; ते गप्प राहिले, तर आकडे कितीही भरलेले असोत, आम्ही आणखी काही आठवडे खेळतो.