‘है’ पुसल्यावर

हिंगणघाटच्या कापूसबाजारात जर-तरच्या वाक्यांचा तुटवडा कधीच नसतो. भाव चढला तर गाडी आणू, पाऊस थांबला असता तर बोंडे सडली नसती, अशी वाक्ये मराठीत जितक्या सहजपणे बोलली जातात तितक्याच सहजपणे गावातील उर्दूभाषक घरांत ती ‘अगर’ आणि ‘तो’ यांच्या जोडीने बोलली जातात. असे असूनही या घरांतील मुलांना इंग्रजीच्या तासाला सशर्त वाक्य ही पूर्णपणे परकी वस्तू म्हणून, पहिला प्रकार, दुसरा प्रकार, तिसरा प्रकार अशा क्रमांकांनी शिकवली जाते. या क्रमांकांमुळे उत्तरपत्रिका तपासणे सोपे होते, हे मान्य केले तरी त्यापलीकडे त्यांचा उपयोग फारसा दिसत नाही.

वास्तविक उर्दूची व्याकरणपरंपरा या बाबतीत समृद्ध आहे. वाक्यातील अटीच्या भागाला ती ‘शर्त’ म्हणते आणि अटीवर अवलंबून असलेल्या परिणामाला ‘जज़ा’, म्हणजे फळ किंवा मोबदला, म्हणते. भूतकाळाला ‘माज़ी’ म्हणत असताना ती त्याचे अनेक प्रकार मानते: नुसता घडून गेलेला तो ‘मुतलक़’, नुकताच घडलेला ‘क़रीब’, दूरचा ‘बईद’, आणि मुळात न घडलेला, केवळ इच्छेत किंवा अटीत राहिलेला तो ‘तमन्नाई’ किंवा ‘शर्तिया’. मौलवी अब्दुल हक यांनी, ज्यांच्या कार्याचा मोठा काळ औरंगाबादेत गेला, 1914 मध्ये ‘क़वायद-ए-उर्दू’ हे व्याकरण प्रसिद्ध केले. पण ही परंपरा शाळेत उर्दूच्या तासापुरती उरते आणि इंग्रजीच्या तासाला तिची आठवण कोणाला होत नाही. न घडलेल्या गोष्टीला भूतकाळाच्या रांगेत बसवणे मराठी वाचकाला विचित्र वाटू शकेल, कारण मराठी व्याकरण अशा रूपाला ‘संकेतार्थ’ म्हणून काळाच्या बाहेर काढते. इंग्रजी शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र उर्दूचे हे वर्गीकरण आयतेच हाती आलेले साधन आहे.

ते साधन फळ्यावर वापरता येते. उर्दू वाक्य उजवीकडून आणि इंग्रजी वाक्य डावीकडून लिहिले की दोन्ही वाक्ये फळ्याच्या मध्यावर येऊन संपतात, आणि उर्दूत क्रियापद शेवटी येत असल्याने तिचे ‘है’ नेमके मध्यभागी पडते. ‘वह आता है’ असे लिहून शिकवणाऱ्याने बोटाने ते ‘है’ पुसावे आणि उजव्या टोकाला ‘अगर’ जोडावे. उरते ते ‘अगर वह आता’, आणि वर्गातील प्रत्येक मुलाला न सांगता कळते की तो येत नाही. ‘है’ हा शब्द क्रियेला आताच्या, इथल्या जगाशी बांधून ठेवणारा दोर होता आणि तो सुटताच क्रिया कल्पनेत गेली. इंग्रजीजवळ पुसण्यासारखा असा स्वतंत्र शब्द नसल्यामुळे ती ‘ही कम्स’ला एक पाऊल मागे सारून ‘इफ ही केम’ करते. म्हणजे तेथील भूतकाळाचे रूप वेळ दाखवत नसून वास्तवापासूनचे अंतर दाखवते. एवढे उमगले की ‘इफ ही केम टुमॉरो’ या वाक्यातील विसंगती आपोआप नाहीशी होते.

अडचण सुरू होते ती यानंतर, कारण उर्दूला एका पावलात जे भागते त्यासाठी इंग्रजी दोन पावले मागते. ‘अगर जंग न होती तो कपास का भाव न चढ़ता’ हे वाक्य आजच्या एखाद्या युद्धाविषयी असू शकते आणि 1861 ते 1865 च्या अमेरिकेतील यादवीविषयीही असू शकते, ज्या यादवीने तिकडचा कापूस अडकला आणि इकडच्या कापसाचे मोल वाढले. उर्दूत ‘न हुई होती’ असे अधिक स्पष्ट रूप उपलब्ध असले तरी बोलताना ते दर वेळी वापरलेच पाहिजे असे नाही, संदर्भ सांभाळून घेतो. इंग्रजी मात्र ‘इफ देअर वेअर नो वॉर’ आणि ‘इफ देअर हॅड बीन नो वॉर’ यांतून एक निवडायला लावते. याउलट, घडू शकणाऱ्या अटीत ‘अगर बारिश होगी’ असे भविष्यकाळी रूप उर्दूला चालते, म्हणून ‘इफ इट विल रेन’ ही चूक वर्षानुवर्षे वह्यांतून हटत नाही. ती अज्ञानातून होत नाही. ते मातृभाषेशी राखलेले इमान असते.

काळांच्या बाबतीतही हेच आहे. ज्या भाषेत ‘कल’ या एकाच शब्दाचा अर्थ काल आणि उद्या असा दोन्ही होतो, तिचे भाषक काळाची सगळी भिस्त क्रियापदावर टाकायला लहानपणापासून शिकलेले असतात, आणि हे भांडवल थोडके नाही. ‘तीन साल से रह रहा हूँ’वरून ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे वाक्य येते तेव्हा मराठी माध्यमाच्या वर्गाने हसू नये, कारण तेथेही तेच लिहिले जाते. वैदर्भी बोलीने तर ‘काय करून राहिला’ म्हणत हिंदी-उर्दूचा हा चालू काळ केव्हाच आपलासा केला आहे.

सर्वात जास्त खोडाखोड होते ती ‘इफ द फार्मर हॅड हॅड वॉटर’ या वाक्यात. एकच शब्द चुकून दोनदा पडला असे समजून नीटनेटके लिहिणारे मूल त्यांतील एक ‘हॅड’ काळजीपूर्वक काट मारून काढते. उर्दूत ‘जवळ असणे’ यासाठी वेगळे क्रियापदच नाही, ‘किसान के पास पानी होता’ एवढ्यावर भागते. त्यामुळे मालकी सांगणारे ‘हॅड’ त्याला अनोळखी असते आणि अंतर सांगणारेही. शिकवणाऱ्याला काट मारलेला शब्द पुन्हा लिहून द्यावा लागतो, आणि या दोन ‘हॅड’पैकी पुसलेल्या ‘है’चे काम कोणते करते ते मुलाकडून बोटाने दाखवून घ्यावे लागते.