मापाचे टायर

काही मजकूर आपण रोज पाहतो, पण वाचत नाही. मोटारीच्या टायरच्या कडेवर उमटवलेली अक्षरे आणि आकडे हा त्यांपैकीच एक मजकूर होय. साहित्याच्या वाचकांपुढे टायरचा विषय काढणे काहींना औचित्यभंग वाटेल. परंतु ज्या मजकुराचा चुकीचा अर्थ लावल्यास घरातील माणसाच्या जिवाशी गाठ पडते, तो मजकूर काव्यशास्त्राइतक्याच गांभीर्याने वाचावा लागतो, असा आमचा गेल्या शरदातील अनुभव आहे. तो येथे मांडत आहोत.

आमचे वास्तव्य दक्षिण जर्मनीत, श्वेबिश आल्ब नावाच्या पठाराच्या पायथ्याशी आहे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हे पठार ओळखीचे वाटते. खाली दऱ्या, गर्द झाडीचे कडे आणि वर गेल्यावर एकदम सपाट माळ. पत्नीची नोकरी वर, म्युन्सिंगेन या गावी. बाड उराखपासून झेबुर्गमार्गे तिकडे जाणारा रस्ता सुमारे अडीचशे मीटर चढतो. हा चढ आमच्या पसरणी घाटापुढे काहीच नव्हे. पण पसरणी घाटात पहाटे साडेपाच वाजता काळोखात बर्फ साचलेला नसतो. खाली पाऊस पडत असावा आणि चार वळणे वर गेल्यावर त्याच पावसाचे हिम झालेले असावे, हे येथे हिवाळ्यात नित्याचे आहे. आठवड्यातून पाच दिवस पत्नी या रस्त्याने जाते आणि त्यांतील दोन दिवस मागच्या आसनावर आमची सहा वर्षांची मुलगी असते. उन्हाळ्यात आम्ही एक वापरलेली कौटुंबिक मोटार घेतली. तिच्यासोबत उन्हाळी टायर होते, हिवाळी नव्हते. तेव्हा कोणत्या मापाचे घ्यावेत, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला आधी कायद्याची बाजू आहे. जर्मनीत २०१० च्या अखेरीस जो नियम आला, त्यात तारीख नाही, परिस्थिती आहे. रस्त्यावर बर्फाचा काच, दाबलेले हिम, हिमचिखल किंवा गोठलेले दव असेल तेव्हा हिवाळ्यास योग्य टायरांवाचून गाडी चालवता येत नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळही सांगितलेला आहे. जर्मन लोकांनी मात्र तारखेची उणीव एका म्हणीने भरून काढली आहे: ‘फॉन ओ बिस ओ’, म्हणजे ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, ऑक्टोबर ते ईस्टर. मृग लागला की छत्री काढावी, तसे हे. पाऊस पंचांग पाहून पडत नाही हे आपल्याकडील शेतकऱ्यालाही ठाऊक असते. तरी नक्षत्राचे नाव घेतले की मनाची तयारी होते. लोकस्मृतीचे हे काम कायद्याच्या कलमाला जमत नाही.

आता तो मजकूर. आमच्या गाडीच्या टायरवर लिहिले होते: २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. यातील पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची सांगतो, पण तो मिलिमीटर नव्हे. रुंदीचे शेकडा प्रमाण आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतील धाग्यांच्या मांडणीचे नाव. त्यापुढील १७ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात. शुद्धलेखनाच्या नियमांवर वाद घालणाऱ्यांनी ही ओळ एकदा अवश्य पाहावी. शेवटचे ९१ हे भाराचे सांकेतिक अंक. ९१ म्हणजे प्रत्येक टायरमागे ६१५ किलो. आणि अखेरचे अक्षर वेगमर्यादेचे: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०.

हे कळल्यावर गणित करता येते. २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१.२५, भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २०२.५. सतरा इंचांचे ४३१.८ मिलिमीटर. एकूण चाकाचा व्यास ६३४.३ मिलिमीटर. याच रीतीने २०५/५५ आर १६ चा व्यास येतो ६३१.९, आणि १९५/६५ आर १५ चा ६३४.५. म्हणजे रिम लहान होत जाते तशी रबराची भिंत उंच होत जाते आणि बाहेरचे वर्तुळ जवळपास तेवढेच राहते. मात्रावृत्ताशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. एका गुरूच्या जागी दोन लघू आले तरी चरणाच्या एकूण मात्रा बदलत नाहीत. येथेही तोच हिशेब आहे. वर्तुळाचा घेर बदलला तर वेगदर्शक खोटे बोलू लागेल, म्हणून बेरीज राखायची आणि आतील वाटणी बदलायची.

येथवर सारे आनंदाचे होते. पेच पुढे आला.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. आमची मुलगी त्यांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणते. आम्ही टायर शोधत आहोत असे कळताच ते आम्हाला आपल्या तळघरात घेऊन गेले. भिंतीला लावलेल्या फळीवर रिमसकट चार हिवाळी टायर ओळीने ठेवलेले होते, स्वच्छ धुतलेले, प्रत्येकावर खडूने ‘पुढे डावे’, ‘मागे उजवे’ असे लिहिलेले. ते त्यांच्या दिवंगत पत्नीच्या गाडीचे होते. गाडी विकली गेली, टायर राहिले. “घेऊन जा. तुमच्या गाडीच्या वर्गातलेच आहेत. पैशांचे नाव काढू नका,” ते म्हणाले. माप होते १९५/६५ आर १५, भारांक ९१.

वरचे गणित पुन्हा पाहावे. आमच्या चाकाचा व्यास ६३४.३ आणि या चाकाचा ६३४.५. फरक एक पंचमांश मिलिमीटरचा! भारांक तोच. रिमच्या बोल्टांची छिद्रेही जुळत होती. चार टायर आणि चार रिम विकत घ्यायच्या म्हणजे परदेशी संसारात लहान रक्कम नव्हे. आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे काही होते की नाही म्हणणे जड जावे.

पण टायरचे माप गणिताने ठरत नाही, गणिताने फक्त तपासले जाते. ठरते ते गाडीच्या कागदांवरून. नोंदणीपत्रातील १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या व मागच्या आसांसाठी एकेकच माप लिहिलेले असते. गाडीला मान्य असलेली इतर मापे कारखान्याने दिलेल्या अनुरूपतेच्या दाखल्यात सापडतात. आमच्या दाखल्यात १६, १७ आणि १८ इंचांची मापे होती. १५ चे नव्हते. कारण साधे आहे. त्याच गाडीच्या लहान इंजिनाच्या आवृत्तीला लहान ब्रेक असतात आणि त्यांवर १५ इंचांची रिम बसते. आमच्या इंजिनासोबत ब्रेकच्या चकत्या मोठ्या आल्या आणि त्यांच्यावरचे कॅलिपर लहान रिमच्या आतल्या बाजूस घासले असते. बाहेरचा घेर तंतोतंत जुळला, पण आत जागा नव्हती. मात्रा जुळल्या म्हणजे कविता जुळली असे नव्हे, हे वर्गात सांगणे सोपे असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. त्या टायरांवर ‘एम + एस’ ही अक्षरे होती, म्हणजे चिखल आणि हिम. एके काळी हिवाळी टायरची ओळख हीच. पण ही अक्षरे उमटवण्यासाठी कोणतीही ठरावीक परीक्षा द्यावी लागत नसे. त्यामुळे ज्यांची हिमावर परीक्षा झालेली नाही अशा टायरांवरही ती दिसू लागली. शब्द असा स्वस्त झाला की नवे चिन्ह शोधावे लागते. ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. हे मिळवण्यासाठी टायरला हिमावर प्रमाणित चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते. जर्मनीत २०१७ अखेरपर्यंत बनलेले नुसत्या ‘एम + एस’ चे टायर सप्टेंबर २०२४ पर्यंत चालवून घेतले गेले. त्यानंतर डोंगर आणि हिमकण नसेल तर तो टायर कायद्याच्या लेखी हिवाळी नाही. आजोबांच्या टायरांवर डोंगर नव्हता. टायरच्या कडेवर चार अंकी जन्मखूणही असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेथे होते ४११३. म्हणजे २०१३ सालचा ४१ वा आठवडा. खाचांची खोली भरपूर होती; पण हिवाळी टायरचा सारा गुण त्याच्या रबराच्या मऊपणात असतो. थंडीत उन्हाळी रबर कडक होते आणि हिवाळी रबर लवचिक राहते, म्हणूनच त्या नक्षीतील बारीक चिरा हिमाला धरू शकतात. एक तपाच्या वयात हा मऊपणा उरत नाही, खाच कितीही खोल दिसो.

आता १६ आणि १७ यांत निवड करायची होती. दोन्ही कागदांवर मान्य, म्हणजे येथे नियम संपतो आणि विवेक सुरू होतो. दुकानदाराचा आग्रह १७ चा होता. रुंद टायर दिसतो छान, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ब्रेक लावताना लवकर थांबतो, हे खरेच आहे. अरुंद टायर मात्र ताज्या हिमात आणि हिमचिखलात अधिक खोल रुततो, खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचतो, आणि साचलेल्या पाण्यावर तरंगू लागण्याचा धोकाही त्याला कमी असतो. त्याची भिंत उंच असल्याने थंडीने उखडलेल्या रस्त्यावरील खड्डे तो सोसतो. शिवाय २०५/५५ आर १६ हे युरोपातील सर्वाधिक खपणाऱ्या मापांपैकी एक. त्यामुळे निवड मोठी आणि किंमत कमी. आमचा हिवाळा महामार्गावरचा असता तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. पण आमचा हिवाळा म्हणजे पहाटेची ती चढण. आम्ही २०५/५५ आर १६ घेतले, भारांक ९१, वेगाचे अक्षर एच.

साताऱ्याला फोनवर हे सांगितले तेव्हा वडील हसले. “अरे, आम्ही उभी हयात एका स्टेपनीवर काढली. तुमचं काय हे, ऋतूगणिक टायर!” त्यांचा शब्द ऐकून आम्हाला मौज वाटली. ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटचा. तेथे १९०४ मध्ये जादा चाकाचा उद्योग सुरू झाला. ते चाक कधीच इतिहासजमा झाले. शब्द मात्र साताऱ्यात अजून रोजच्या वापरात आहे. वडिलांनी फोन ठेवण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली: “तिला सांग, घाट ब्रेकवर उतरायचा नसतो, गिअरवर उतरायचा.” हा सल्ला हिमावरही तितकाच खरा आहे. कोणत्याही मापाच्या टायरला तो लागू पडतो.

राहता राहिले आजोबा. त्यांना नुसते ‘नको’ म्हणणे आम्हाला प्रशस्त वाटेना; खोटे कारण सांगणे त्याहून नाही. आम्ही दाखला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो ओळीने वाचला, मापांच्या रकान्यावर बोट ठेवले, मग तळघरात उतरून आपल्या टायरवरची जन्मखूण पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. “ती फार जपून चालवायची,” एवढेच म्हणाले. हे टायर इतके कमी झिजलेले का होते, ते आम्हाला तेव्हा उमगले. जे आम्ही रबराचे वय म्हणून मोजत होतो, ते त्यांच्या लेखी आणखी काही होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच ते टायर पुनर्वापराच्या आवारात नेऊन दिले आणि रिकामी झालेली फळी आमच्या उन्हाळी टायरांसाठी देऊ केली. नवे टायर बसवल्यावर सुमारे पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत, असे येथे सांगतात. ते तपासायला आपला ठरावीक जोराने आवळणारा पाना घेऊन आजोबाच आले. मुलीने त्यांच्याकडून खडू मागून घेतला आणि फळीवरच्या टायरांवर ‘पुढे डावे’ वगैरे देवनागरीत लिहिले. त्यांना ती अक्षरे वाचता येत नाहीत. ईस्टरनंतर तीच वाचून दाखवणार आहे.

वस्तूचे माप आपण निवडतो असे आपल्याला वाटते. वास्तविक ते बहुतांशी आधीच ठरलेले असते: ब्रेकच्या चकतीने, कागदावरच्या रकान्याने, रस्त्याच्या उंचीने. आपल्या वाट्याला दोन आकड्यांमधली लहानशी जागा येते. ती लहान आहे म्हणून हलक्या हाताने वापरावी असे मात्र नाही. पहाटे साडेपाचला त्या वळणावर जे काही उपयोगी पडते, त्यात आपला म्हणावा असा वाटा तेवढाच असतो. बाकीचे चालवणाऱ्याच्या हाती.

असो. यंदा पहिले हिम नेहमीप्रमाणे न सांगता येईल. फळीवर जागा आहे, पाना शेजारी आहे.