डब्याला किती मार्क?

कॉम्प्युटरच्या टेबलाखाली जो खोका उभा असतो, त्याला तुम्ही काय म्हणता? 'सीपीयू'च ना? आमच्या आसेगावातही सगळे तसंच म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे आतली लहानशी चपटी चिप. बाहेरच्या डब्याचं बाजारातलं नाव कॅबिनेट. आज या कॅबिनेटला मार्क देऊ या. तेही न उघडता, फक्त बाहेरून बघून!

हा खेळ सुरू झाला माझ्या पुतण्यामुळे. दहावी झाल्यावर त्याला कॉम्प्युटर हवा होता. मोबाइलवर एक चित्र दाखवून तो म्हणाला, "काका, हे पाहा ना, कसं चमकते!" पुढून काच, बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे. दिसायला झकासच! पण दादा मला म्हणाला, "पैसे सोयाबीनचे आहेत बापा. तूच सांग, घ्याचा का हा डबा?" आता नुसती मान कशी डोलवणार? त्याच किमतीचा, पुढून जाळी असलेला एक साधा काळा डबाही होता. आम्ही वहीत पाच रकाने आखले. प्रत्येकाला दहा मार्क.

पहिला रकाना हवेचा. आपल्या वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पंखा आत ढकलतो ती खोलीतलीच हवा. म्हणजे डब्याचं पोट खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही! चिप फार तापली की स्वतःच हळू चालते, आणि शेवटी बंद पडते. म्हणून पुढून हवा आत यावी, मागून आणि वरून गरम हवा बाहेर जावी. काचेच्या डब्याला पुढे फक्त कडेला बोटभर फट होती. नाकाला चिमटा लावून पळायला सांगितल्यासारखंच झालं की! काच ३, जाळी ९.

दुसरा रकाना धुळीचा. मळणी सुरू झाली की बारीक भुसा घरभर होतो. जाळीमागे गाळणी आहे का? ती सहज काढून धुता येते का? काच ४, जाळी ८.

तिसरा हातांचा. बटण कुठे आहे, पेन ड्राइव्हची खाच धूळ बसेल अशी वर तर नाही ना, मागचे स्क्रू हातानं फिरतात का, कडा बोट कापतील अशा तर नाहीत ना? काच ६, जाळी ७.

चौथा पायांचा. पुष्कळ डब्यांत वीज पुरवणारा भाग तळाशी असतो आणि खालून हवा ओढतो. पाय बुटके असले आणि डबा सतरंजीवर ठेवला, की त्याचा श्वास कोंडलाच! काच ५, जाळी ८.

पाचवा रूपाचा. हसू नका, रूपालाही मान आहे बरं का! १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तो फिकट रंगाच्या आडव्या पेटीत. पुढे कितीतरी वर्षं बहुतेक कॉम्प्युटर तसेच फिकट दिसायचे. १९९८ साली अ‍ॅपलचा निळसर, अर्धपारदर्शक आयमॅक आला आणि लोक त्याच्या रंगावरच लुब्ध झाले. हा रकाना मी पुतण्याकडेच सोपवला. काच १०, जाळी ६.

करा बेरीज! काच २८, जाळी ३८.

पुतण्याचा चेहरा पडला. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं. आतला मुख्य बोर्ड कुठे बसवायचा, स्क्रूची भोकं कुठे, हे त्यात पक्कं झालं. म्हणून त्या मापाच्या चांगल्या डब्यात काही वर्षांनी नवा बोर्ड बसू शकतो. आतलं सामान बदलतं, डबा मात्र टिकतो.

तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. संध्याकाळी त्यानं स्वतःच तिसरा डबा शोधून आणला: पुढून जाळी, खाली गाळणी, आणि फक्त एका बाजूला काच. बेरीज झाली ४१. दादानं तोच घेतला.

आता तुमची पाळी. घरातला किंवा शाळेतला कॉम्प्युटर चालू असताना पुढच्या जाळीजवळ पातळ कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली जाते का? मागच्या पंख्याजवळ बाहेर उडते का? डबा मात्र उघडू नका. गाळणी काढायची असेल तर आधी मोठ्यांना सांगून प्लग काढा. सांगा पाहू, तुमच्या डब्याला पन्नासपैकी किती मार्क पडले?