वरची खोली

मोहोळात वरची खोली भाड्यानं द्यायची तर सुरुवात "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?" इथून होते. मग आडनाव, भावकी, नोकरी कायमची का कशी. चहाची कपबशी खाली ठेवेपर्यंत समोरच्याचा सगळा गोतावळा कळलेला असतो. आमच्या वरच्या खोलीत बँकेतले, शाळेतले कितीतरी भाडेकरू राहून गेले, पण एवढी चौकशी झाल्याशिवाय वडिलांनी कुणाला किल्ली दिली नाही.

त्यामुळं सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' पहिल्यांदा वाचताना त्यातल्या पेइंग गेस्टला नावच नाही, हे मला सोसेना. २००६ साली मौजेनं काढलेली ही छोटीशी कादंबरी. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथं राहायला आलेला चित्रं काढणारा पोरका तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली भाऊ-बहीण. तनय त्याला 'तू' म्हणत सगळं सांगतो. अनुजाची डायरी आहे. ती त्याच्याबरोबर घर सोडते आणि एकटी परत येते.

तेव्हा मी पुरता तनयच्या बाजूनं होतो. ३७७ कलम जागेवर होतं. सुप्रीम कोर्टानं अशा प्रेमाला गुन्ह्यातून मोकळं केलं ते २०१८ साली. सांगायला कुणीच नसणं म्हणजे काय, ते मला मोहोळच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघताना कळायचं. त्या पाहुण्याचा संताप यायचा.

तो संताप आता उरला नाही. तो माणूस स्वतः कुठं बोलतो? आपल्याला भेटतो तो दोघांनी आठवलेला. (२०२२ साली कुंडलकरांनीच सिनेमात हे घर कोचीला नेलं. देखणं आहे, पण माझा जीव पुण्यातल्या घरातच अडकलेला.) आता सलतं ते वेगळंच. तनय बोलतो त्याच्याशी, अनुजा बोलते वहीशी. एका छताखाली वाढलेली दोघं, आणि दोघांची दुःखं पुस्तकात शेजारी शेजारी, पाठीला पाठ लावून.

आमच्या प्रतीत दोन पेन्सिलींच्या खुणा आहेत. तनयच्या भागातल्या जाड, वाकड्या रेघा माझ्या. अनुजाच्या डायरीतल्या बारीक, पट्टी लावून मारलेल्या ताईच्या. तेव्हा तिला स्थळं येत होती. तिच्या रेघा मी पाहिल्या होत्या, माझ्या तिनं पाहिल्या असणार. दोघंही गप्प राहिलो.

दिवाळीला ती आली तेव्हा मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. चष्मा लावून तिनं आधी स्वतःच्या खुणा वाचल्या, मग माझ्या.

"कोण होतं रे तुझ्या मनात?"

मी सांगितलं. मग तिनंही सांगितलं. स्वयंपाकघरातून आईच्या दोन हाका येऊन गेल्या तरी आम्ही उठलो नाही.

हल्ली मी ही कादंबरी सलग वाचत नाही. तनयचं एक पान वाचतो, मग अनुजाचं एक. तशी वाचली की ती दोघं एकमेकांना उत्तरं देऊ लागतात.