गोष्टीतला नावाडी निघून जातो तेव्हा

मुलांना गोष्ट सांगताना आपल्या मोठ्या माणसांची एक सोय असते. पुढे काय होणार, ते फक्त आपल्यालाच ठाऊक असते. राजपुत्राने कोणती वाट धरायची, राक्षसाचा प्राण कुठल्या पोपटात दडवायचा, सारे आपल्या हाती. ऐकणाऱ्याने फक्त हुंकार द्यायचा. पण ऐकणाराच मध्ये उठून म्हणाला, "मी त्या वाटेने जात नाही, मी इथेच बसून राक्षसाची वाट बघणार," तर सांगणाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न माझ्या भाच्याला दर रविवारी पडतो. ताई आणि भावजी गेली बरीच वर्षे हावड्याला, शिबपूरला राहतात. भावजी रेल्वेत आहेत. भाचा नववीत आहे. त्याच्याकडे रविवारी दुपारी चार बंगाली मित्र जमतात, जेवणाचे टेबल अडवून बसतात आणि मुरमुऱ्यांचा डबा मध्ये ठेवून एक गोष्ट खेळतात. हो, खेळतात. भाचा गोष्ट सांगतो आणि प्रत्येक मुलगा त्या गोष्टीतले एकेक पात्र होतो. आपले पात्र काय करणार, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. काम अवघड असेल तर भाचा म्हणतो, "पंधरा किंवा जास्त पडायला हवेत." म्हणजे विसातल्या सहाच आकड्यांवर आशा. फासा घरंगळत जातो तेव्हा पाचही मुले श्वास रोखून बसलेली असतात.

या खेळाचे मूळ अमेरिकेतले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून विकायला काढला. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्याआधी टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळणारे हौशी लोक होतेच. या दोघांनी बदल केला तो एवढाच, की खेळणाऱ्याने अख्खी फौज हाकण्याऐवजी एकाच माणसाचे सोंग घ्यायचे. पण माणूस एकच झाला की त्याला नाव येते, घर येते, भीती येते. लढाईची गोष्ट होते.

बारगिराला घोडा कुणाचा?

भाच्याच्या राज्यात मात्र परदेशी ड्रॅगन नाही. तिथे हुगळीसारखी एक रुंद नदी आहे. काठच्या झाडावर बंगाली लोककथांतली ब्यांगमा-ब्यांगमी ही पाखरांची जोडी राहते. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी १९०७ साली 'ठाकुरमार झुली' या पुस्तकात आजीबाईंच्या गोष्टी गोळा केल्या, तेव्हापासून बंगाली घरांत ती छापील रूपातही नांदते आहे. ही पाखरे माणसासारखी बोलतात आणि पुढे घडणारे त्यांना आधीच कळते. आणि त्या राज्यातले दुष्ट कोण? रात्री घोड्यांवरून येणारे बर्गी!

हे ऐकून मी ताईकडे पाहिले. ती म्हणाली, "बघतेस काय? ते आपलेच लोक!"

खरेच आहे ते. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या. चौथाईसाठी गावे लुटली, जाळली. शेतकरी आणि विणकर घरे सोडून पळाले. पलीकडे कोलकात्यात इंग्रजांनी १७४२ साली बचावासाठी खंदक खणायला घेतला, त्याला नावच मराठा खंदक पडले. बंगाली आया आजही मुलांना निजवताना बर्गी येतील अशी भीती घालतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात पराक्रम म्हणून जे शिकलो, ते नदीच्या या काठावर अंगाईत शिरून बसले आहे. मराठी भाचा बंगाली मित्रांना बर्गींची गोष्ट सांगतो, हे मला आधी विचित्र वाटले. मग वाटले, सांगावीच.

हा बर्गी शब्द आपल्या 'बारगीर'वरून आला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार आणि ज्याला घोडा व हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. ही माहिती मी भाच्याला सहज दिली. तो लिहिता लिहिता थांबला. "म्हणजे मावशी, घोडा त्याचा नसतोच? मग घोडा मेला तर?"

मी म्हटले, "तर सरकारला काय सांगायचे, ही पंचाईत."

"हे मस्त आहे," म्हणून त्याने वहीत काहीतरी खरडले.

वहीतले मरण

मी गेले त्या आठवड्यात भाचा फार बेचैन होता. चौघांपैकी एका मित्राच्या वडिलांची चक्रधरपूरला बदली झाली होती. येणारा रविवार त्याचा शेवटचा. हा मुलगा गोष्टीत नावाड्याचा पोर होता. तसे पाहिले तर सगळी गोष्ट त्याच्याच नावेतून चाललेली. तो गेल्यावर पुढे खेळायचे कसे, आणि खेळायचे तरी का, असे बाकीचे म्हणू लागले होते.

भाच्याने तोड काढली होती. त्याने वही माझ्यापुढे टाकली. "तू मासिकात कथा बघतेस ना? मग हे वाच."

आमचे मासिक नव्हे, साप्ताहिक. पण ते असो. वहीत चार पाने भरून नावाड्याचे मरण लिहिले होते. घाटावर धुके, मित्रांना वाचवताना छातीत बाण, शेवटचे शब्दसुद्धा तयार. लिहिले सुरेखच होते.

"त्याला विचारलंस?" मी म्हटले.

"विचारलं तर मजा काय?"

"अरे, आमच्या क्रमशः कादंबरीत लाडके पात्र मेले, तर वाचक चिडून पत्र लिहितो. पण ते पात्र वाचकाचे नसते, लेखकाचे असते. हा नावाडी कुणाचा?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "त्याचा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पण तो नुसता निघून गेला, तर आम्हाला सोडून गेल्यासारखं होईल. मेला, तर तसं होणार नाही."

त्या चार पानांच्या मागे काय होते, ते मला तेव्हा कळले. चौदा वर्षांच्या मुलाला मित्राच्या जाण्यापेक्षा मित्राच्या पात्राचे मरण सोपे वाटत होते.

शनिवारी भावजी आम्हाला तिथल्या वनस्पती उद्यानात घेऊन गेले. १७८७ साली स्थापन झालेल्या या उद्यानातला वटवृक्ष अडीचशे वर्षांहून जुना आहे. झाड कसले, रानच ते. त्याचे मूळ खोड बुरशीने पोखरले, म्हणून १९२५ साली कापून काढावे लागले. आज उभ्या आहेत त्या साडेतीन हजारांहून अधिक पारंब्या, खोडासारख्या जमिनीत रुतलेल्या. झाड अजूनही पसरतेच आहे. भाचा बराच वेळ आत बघत होता. "खोड कुठे होतं ते कळतसुद्धा नाही," एवढेच तो बोलला.

रात्री त्याने वही पुन्हा उघडली. मरणाची पाने फाडली नाहीत, पण मिटून ठेवली. नव्या पानावर आम्ही दोघांनी मिळून तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली, कुणाला काय हवे आहे. बर्गींच्या म्होरक्याचा सरकारी घोडा मेला आहे. घोड्यावाचून तो घरी परतू शकत नाही. दुसरी, कुणी काहीच केले नाही तर काय होईल. पहाटे बर्गी घाटावरचे गाव जाळतील. तिसरी, प्रत्येक मुलाला काहीतरी करून दाखवायला एकेक जागा. शेवट लिहायचा नाही, असे ठरले.

घाटावर

रविवारी मी कोपऱ्यात विणकाम घेऊन बसले. बंगाली निम्मेच कळत होते, उरलेले ताई कानात सांगत होती. घाटावर म्होरक्या आला. तिघे मुलगे लढाईच्या पवित्र्यात. नावाड्याच्या पोराने मात्र विचारले, "घोडा कुठे आहे तुझा?"

भाच्याने म्होरक्याची अडचण सांगितली. मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, "मी याला नावेतून त्याच्या मुलखापर्यंत सोडतो. घोडा नको, नाव आहे. बदल्यात त्याने गाव सोडून जायचं."

हे वहीत कुठेच नव्हते. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी टाके मोजत राहिले. तो म्हणाला, "अकरा किंवा जास्त." फासा मुरमुऱ्यांच्या डब्याला आपटून थांबला. चौदा!

टेबलावर आरडाओरडा झाला. त्यात एकजण थबकून म्हणाला, "पण मग तू परत कधी येणार?" कुणी काही बोलेना. नावाड्याच्या पोराने नावेवरची घंटा, म्हणजे कागदावर लिहिलेला तो शब्द, फाडून भाच्यासमोर ठेवला. "लागली गरज, तर वाजवा."

भाच्याचे डोळे भरले होते. त्याने ते कुणाला दिसू दिले नाहीत, आणि मीही बघितले नाही असेच दाखवले.

अशा खेळावर 'वेळ वाया घालवणे' असा शिक्का मारणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा कोपऱ्यात बसून बघावे. महागडे सामान लागत नाही. वीस बाजूंचा फासा नसला तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून भागते. गोष्टीसाठी ड्रॅगनही लागत नाही. आपल्या आज्यांच्या गोष्टी आहेत, गावाजवळचा किल्ला आहे, शत्रूच्या बाजूने पाहिलेला आपला इतिहासही आहे. गोष्ट रचणाऱ्या मुलाला एवढेच सांगावे, की माणसे, त्यांच्या गरजा आणि अडचणी मन लावून तयार कर. निर्णय दुसऱ्यांसाठी ठेव.

मुले अजून दर रविवारी जमतात, असे ताई फोनवर सांगत होती. आता गोष्ट नावेशिवाय चालते, चौघे काठाकाठाने पायी जातात. भाच्याने कागदाची घंटा वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवली आहे. पूजेच्या सुटीत चक्रधरपूरहून पाहुणा येणार आहे, पण बाकीच्या तिघांना त्याने अजून काही सांगितलेले नाही.