शेख मेमन स्ट्रीट : पैसा आणि पत

दक्षिण महाराष्ट्रातून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येऊन थांबते. लग्नसराईच्या दिवसांत कोल्हापूर, जयसिंगपूर, सांगलीकडची कितीतरी व्यापारी कुटुंबे तिच्यातून उतरतात आणि बाजाराची वाट धरतात. १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या समोरून शेख मेमन स्ट्रीट सुरू होतो. मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार, मुंबादेवी असे टप्पे घेत ही वाट पुढे पायधुनीकडे जाते. साडीपासून सोन्यापर्यंत सारे येथे मिळते. मोकळे पाऊल टाकायला जागा मात्र मिळत नाही.

समोरून हातगाडी येते, मागून डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल वाट मागतो. प्रत्येक जण अंग चोरून चालतो आणि पाकीटमाराचे काम सोपे होते. एवढ्या रेटारेटीत धक्का लागला तरी कोणी वळून पाहत नाही. कोणी कपड्यावर डाग पडल्याचे सांगतो, कोणी पायाशी नोट पडल्याचे दाखवतो; तेवढ्या क्षणात पर्सची चेन उघडते किंवा पट्ट्यावर ब्लेड फिरते. पूजेसाठी वस्त्रे बदलताना चामड्याचे पाकीट बाहेर राहते, तीही अशीच एक निसटती वेळ.

चोरीचे भय या बाजाराला नवे नाही. जुन्या पेढ्यांनी त्यावर हुंडीचा उपाय काढला होता. रोकड घेऊन प्रवास करण्याऐवजी व्यापारी हुंडीचा कागद नेई. त्यातही शहाजोग हुंडीची रक्कम वाटेल त्याच्या हाती पडत नसे. बाजारात ओळख आणि प्रतिष्ठा असलेल्या शाहालाच ती मिळे. ‘शहाजोग’ हा शब्द आज उपरोधाने वापरला जातो, पेढीवर मात्र त्याला असा नेमका अर्थ होता. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ. रक्कम चुकती झालेल्या हुंडीला खोका म्हणत. कागद चोरणाऱ्याला पैसा सहज मिळत नसे, कारण कागदाच्या मागे माणसाची ओळख उभी असे.

आता ही ओळखच पर्समध्ये घालून लोक बाजारात फिरतात. आधार, पॅन, बँकेची दोन-तीन कार्डे, कोऱ्या धनादेशावर आधीच केलेली सही, एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेला पिन आणि शेजारच्याच कप्प्यात मोबाइल. चोरलेली रोकड एकदाच खर्च होते. चोरलेल्या नावावर सिमकार्ड घेता येते, कर्ज काढता येते. व्यापाऱ्याच्या बाबतीत धोका आणखी मोठा असतो. पॅनचा गैरवापर करून बनावट जीएसटी नोंदणी झाली, तर न केलेल्या व्यवहाराची नोटीस त्याच्या दारी येते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पतीला असा डाग लागला की तो पुसायला फार काळ जातो.

म्हणून बाजाराला निघतानाच पर्स हलकी करावी. पॅन आणि मूळ आधार घरी ठेवावे. मुक्कामासाठी आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळणारी मास्क्ड प्रत पुरते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण व तारीख लिहून आडवी सही करावी, म्हणजे चुकत्या हुंडीच्या खोक्याप्रमाणे ती दुसऱ्या कामाला येत नाही. एकच कार्ड जवळ ठेवावे. पाच हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय नुसत्या स्पर्शाने होऊ शकतो. बँकेच्या ॲपमधून ती सोय बंद करता येते. सिमकार्डालाही पिन घालावा, अन्यथा चोर ते दुसऱ्या फोनमध्ये टाकून ओटीपी मिळवू शकतो. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत टिपून ठेवावा.

इतके करूनही पर्स गेलीच, तर खरेदी आवरून मग पाहू, असे म्हणू नये. प्रथम बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची व बँकेची चूक नसताना झालेला इलेक्ट्रॉनिक गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. पिन चिठ्ठीवर लिहून ठेवणाऱ्याला हे संरक्षण पुरते मिळत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. चोरी घरी परतल्यावर ध्यानात आली तरी गावच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्याची प्रत जपून ठेवावी. पुढे आपल्या नावावर काही निघाले, तर कागदपत्रे कधी गेली होती याचा तोच पुरावा ठरतो.

त्यानंतरही काही महिने लक्ष ठेवावे लागते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे ‘संचार साथी’वर दिसते, हरवलेला फोनही तेथूनच बंद करता येतो. पॅनवर कोणती जीएसटी नोंदणी आहे, ते जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधता येते. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दिवाळीला वह्या तपासणाऱ्या घराने हा अहवालही त्याच वेळी पाहावा.

पायधुनीला एके काळी खाडीचे पाणी होते आणि तेथे पाय धुऊन लोक पलीकडे जात, असे तिच्या नावावरून सांगतात. पाणी केव्हाच बुजले, वाहता राहिला तो बाजार. उधारीवर माल देताना तेथे आजही आधी नाव विचारतात.